उन्हात ऊन: आईचा जुना कार्डिगन उसवावा का?

लश्करची लेक | ८ नोव्हेंबर, दुपारी

नमस्कार मंडळी. दिवाळी आटोपली आणि ग्वाल्हेरला सकाळ-संध्याकाळ गारवा सुरू झाला, म्हणून काल रजया काढायला ट्रंक उघडली. तळाशी आईचा मरून कार्डिगन निघाला. मी पहिलीत होते तेव्हाच्या, म्हणजे १९८४ च्या फोटोत ती हाच घालून गच्चीवर उभी आहे. तिला जाऊन सहा वर्षं झाली. कार्डिगनला कसर लागली आहे. पाठीवर तीन भोकं, डाव्या बाहीवर दोन, आणि खालची पट्टी एका जागी पार विरलेली. बाकी लोकर अजून इतकी मऊ आहे की हातातून खाली ठेववेना. वजन केलं, ३८० ग्रॅम भरलं.

भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे ग्वाल्हेरला येते आहे. तारीख जानेवारीतली आहे. तीनेक महिन्यांनी बाळाला घेऊन वडोदऱ्याला परत जाईल. माझ्या मनात आलं की हाच कार्डिगन उसवून बाळासाठी काही विणावं. दादाला सांगितलं तर तो एकदम गप्प झाला आणि मग म्हणाला, "आईच्या हातचं ते एवढंच उरलंय. उसवू नकोस." तेव्हापासून कार्डिगन खुर्चीच्या पाठीवर टाकलेला आहे आणि मी येता-जाता त्याच्याकडे बघते.

तर विचारायचं असं, की उसवावा का? चाळीस वर्षांपूर्वीची लोकर पुन्हा विणायला टिकेल का? आणि तान्ह्या बाळाला ती चालेल का?

(आमच्या घरात सुयांना सलाया, टाक्यांना फंदे आणि लोकरीला ऊन म्हणतात, हिंदीच्या शेजारामुळे. जेवणं झाली की आई म्हणायची, "चला, उन्हात ऊन घेऊन बसू." पुण्याच्या मंडळींनी सांभाळून घ्यावं.)

गारठा | ८ नोव्हेंबर

दादांशी सहमत. भोकं रफू करून घ्या आणि जपून ठेवा. माझ्या आजीची विणलेली शाल आमच्याकडे कुणीतरी अशीच 'उपयोगात आणली' आणि आता दाखवायलाही काही नाही.

दोन सुया | ८ नोव्हेंबर, रात्री

ताई, उसवायचा की नाही हे तुम्ही आणि दादा ठरवाल. पण दोन्हीपैकी काहीही केलंत तरी आधी कसर मारावी लागेल, नाहीतर ट्रंकेतल्या बाकीच्या गरम कपड्यांतही ती पसरेल. लोकर खाते ती अळी. दिसणारा बारीकसा पतंग काही खात नाही, तो अंडी घालून मोकळा होतो. कार्डिगन उन्हात झटकून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. मग बाहेर काढून, गारठा पूर्ण गेला की पिशवी उघडा. ट्रंक रिकामी करून, कोपऱ्यांतून ब्रश फिरवून, पुसून उन्हात ठेवा.

मग जळण्याची परीक्षा. आतल्या शिवणीतून बोटभर धागा काढा, चिमट्यात धरा आणि बशीवर जाळून बघा. अस्सल लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत दूर केली की आपोआप विझते आणि राख बोटांनी चुरडली जाते. अॅक्रिलिक भराभर पेटतं, वितळतं आणि मागे कडक काळी गुठळी ठेवतं. मिश्र धाग्यात दोन्हीची लक्षणं दिसतात.

ही परीक्षा महत्त्वाची, कारण पुढचं जोडकाम तिच्यावर ठरतं. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर खवले असतात. तुटलेली दोन टोकं थोडी पिंजून एकमेकांवर ठेवायची, ओली करायची आणि तळहातांमध्ये ऊब येईपर्यंत चोळायची. खवले एकमेकांत अडकतात आणि गाठ न मारता धागा सलग होतो. अॅक्रिलिकला खवले नाहीत, त्यामुळे तिथे हे जमत नाही. गरम पाण्यात घुसळला की लोकरीचा स्वेटर आटतो, तोही याच खवल्यांमुळे.

कसरीने कुरतडलेला धागा भोकाच्या आजूबाजूलाही कमकुवत झालेला असतो. हातभर अंतरावर हलका ताण देऊन बघत जा. जिथे तुटेल तिथे तुटू द्या. विणून झाल्यावर तुटण्यापेक्षा ते बरं.

परिचारिका | ९ नोव्हेंबर

एक कळकळीची सूचना. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या का? असतील तर तो कपडा किंवा त्याची लोकर तशीच बाळाजवळ नेऊ नका. त्यातल्या नॅफ्थलीनमुळे काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. जन्मतः जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांना हा धोका जास्त, आणि ही कमतरता आपल्याकडे दुर्मीळ नाही. बाळाच्या दुपट्यांत, रजयांतसुद्धा या गोळ्या नकोत. मी नवजात विभागात काम केलं आहे, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

लश्करची लेक | ९ नोव्हेंबर

होत्या! डबीभर होत्या. तुमचे फार फार आभार. बाळासाठी काढलेली दुपटीही त्याच ट्रंकेत होती. सगळी आता धुवायला काढते.

जाळून पाहिलं. केसांचा वास, धागा लगेच विझला, राख भुगा. अस्सल आहे.

प्रश्नचिन्ह | ९ नोव्हेंबर

विषयाला थोडं सोडून विचारतो, राग नसावा. मी इंदूरला असतो, दोन मुलं आहेत, दरवर्षी दोघांचे स्वेटर आखूड होतात. पाच-सहाशेत बरा स्वेटर मिळतो. हल्ली 'स्लो फॅशन' म्हणून हाताने विणलेल्याचं कौतुक सगळीकडे वाचतो. पण विणायला वेळ कुणाकडे आहे? आणि विकत घ्यावा तर तीन-चार हजार. ज्याच्याकडे वेळ किंवा पैसा आहे त्याचीच ही चैन नाही का? मला खरंच समजून घ्यायचं आहे.

ऑर्डरवाली | ९ नोव्हेंबर, रात्री

तुमचा प्रश्न रास्त आहे, दादा. मी ग्वाल्हेरला ऑर्डरी घेते, म्हणून हिशेबच मांडते. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला मला साधारण ७० तास लागतात. तासाला ५० रुपये धरले तरी मजुरी ३,५०० होते, लोकर वेगळी. एवढे पैसे बहुतेक वेळा मिळत नाहीत. "मशीनचा तर सहाशेत येतो," असं गिऱ्हाईक म्हणतं आणि मी भाव उतरवते.

पण सहाशेत येतो तो कसा, हेही बघायला हवं. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसं गेली. बहुतेक तयार कपडे शिवणारे कामगार, त्यांत बाया जास्त. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी सकाळी त्यांना कामावर बोलावलं. मी ते टीव्हीवर पाहिलं तेव्हा हातात सलाया होत्या. ७० तासांचं मोल मला कमी मिळतं, त्यांना त्याहून कमी मिळत होतं. कपडा स्वस्त होतो तेव्हा कुणीतरी आपला वेळ स्वस्तात विकलेला असतो.

सगळ्यांनी सगळं विणावं असं मी म्हणणार नाही. पण मुलं वाढतात म्हणून विणलेलं परवडत नाही, हे मला पटत नाही. उलट वाढत्या मुलाला विणलेलंच परवडतं. पुढचा प्रतिसाद त्यावर लिहिते, आता भाकऱ्या टाकायच्या आहेत.

ऑर्डरवाली | १० नोव्हेंबर

तर वाढता स्वेटर. आपल्याकडे बहुतेक जणी खालच्या पट्टीपासून सुरुवात करून वर खांद्याकडे जातात. मुलांचा स्वेटर गळ्यापासून सुरू करून खाली विणावा. गळ्याचे टाके घालायचे, ते पुढा, पाठ आणि दोन बाह्या असे वाटायचे आणि जिथे बाही अंगाला मिळते त्या चार रेषांवर दर एक ओळ सोडून दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवायचा. एका वेळी आठ टाके वाढतात. काखेपर्यंत आलं की बाह्यांचे टाके जाड दोऱ्यावर ओवून बाजूला ठेवायचे, अंग पूर्ण करायचं, मग बाह्या.

फायदा असा की शेवट खाली येतो. विणकाम सरसर उसवतं ते जिथे टाके बंद केले त्या टोकाकडून. टाके जिथे घातले त्या बाजूने ते अडत अडत येतं, आणि एक सुलट एक उलटची पट्टी असेल तर जवळजवळ येतच नाही. गळ्यापासून विणलेल्या स्वेटरची खालची पट्टी दुसऱ्या वर्षी उसवा, टाके उचला, दोन इंच वाढवा, पट्टी पुन्हा घाला. बाह्यांचंही तसंच. माझ्या लेकाने एकच स्वेटर दुसरी ते पाचवी घातला. दर वर्षी एक वेगळा रंग वाढत गेला आणि तो शाळेत ते रंग मोजून दाखवायचा. चार वर्षांत जास्तीचं काम झालं ते सगळं मिळून बारा-तेरा तासांचं. छातीला थोडी ढिलाई मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते.

प्रश्नचिन्ह | १० नोव्हेंबर

हे मला माहीतच नव्हतं. सौ.ला वाचून दाखवलं. तिला विणता येतं, लग्नानंतर सुटलं होतं. सुया कोणत्या नंबरच्या घ्यायच्या?

दुकानातला | १० नोव्हेंबर

आमचं लोकरीचं दुकान होतं, म्हणून हे मी सांगतो. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. १२ नंबर म्हणजे २.७५ मिलिमीटर, १० म्हणजे ३.२५, ८ म्हणजे ४. इंटरनेटवरच्या अमेरिकी नमुन्यांत उलटं असतं. त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. बायका मोबाइलवर नमुना दाखवून '८ नंबर' मागायच्या आणि स्वेटर भलताच व्हायचा. म्हणून मिलिमीटर बघूनच घ्या. मुलांच्या मध्यम लोकरीला पट्टीसाठी १० आणि अंगासाठी ८ किंवा ९ साधारण जमतात.

आणि लोकर एकदम घ्या. लेबलवर रंगाच्या नंबराशेजारी लॉटचा, म्हणजे एकत्र रंगवलेल्या खेपेचा, नंबर असतो. लॉट बदलला की रंगात फरक येतो. तो दुकानाच्या दिव्यात दिसत नाही, घरी उन्हात दिसतो.

दोन सुया | १० नोव्हेंबर

आणि नमुन्याचा चौकोन, म्हणजे १० सेंटिमीटरला आपले किती टाके बसतात ते मोजायचा छोटा तुकडा, विणल्याशिवाय टाके घालू नका, ही माझी हात जोडून विनंती. ९० सेंटिमीटर छातीला ८ ची ढिलाई धरून ९८ हवेत. १० सेंटिमीटरला २२ टाके धरून तुम्ही २१६ टाके घातलेत आणि तुमचा हात सैल असल्याने प्रत्यक्षात २० च बसत असतील, तर स्वेटर १०८ सेंटिमीटरचा होईल. दोन टाक्यांच्या चुकीने चार बोटांपेक्षा जास्त घोळ. हाताने विणलेल्या भेटी कपाटात पडून राहतात त्या बहुतेक वेळा याच कारणाने.

जुनी छावणी | ११ नोव्हेंबर

मी ७४ वर्षांची आहे, नातवाकडून टाइप करून घेते आहे.

१९६२ च्या त्या हिवाळ्यात, चीनशी लढाई चालू असताना, मी अकरा वर्षांची होते. घरोघरी बायका जवानांसाठी विणत होत्या. लोक सोनं देत होते, आमच्याकडे द्यायला सोनं नव्हतं. माझ्या आईने दोन मफलर आणि कानटोप्या विणल्या. लोकर हिरवट रंगाची, जाडीभरडी. मला मफलर विणायला दिला होता, कारण तो सरळ असतो. दोन सुलट, दोन उलट. आईने सांगितलं होतं, मफलरच्या दोन्ही बाजू दिसतात, म्हणून दोन्ही बाजूंनी सारखी दिसेल अशीच वीण घालायची. सपाट सुलट विणलीस तर कडा गुंडाळल्या जातात, आणि थंडीत माणसाला त्या उलगडत बसायला वेळ नसतो. मी रोज रात्री विणायचे. कुणाच्या गळ्यात गेला ते कळायचा मार्गच नव्हता. पण मला एक चेहरा दिसायचा. अजून दिसतो.

बाळ, तुझ्या आईने तो कार्डिगन ट्रंकेत ठेवायला विणला नव्हता गं. दादाला सांभाळून घे, पण उसव.

लश्करची लेक | ११ नोव्हेंबर

माई, तुमचा निरोप दादाला वाचून दाखवला. काही बोलला नाही, पण संध्याकाळी शिवण उसवायची बारीक कात्री आणून माझ्यासमोर ठेवली. उद्यापासून पिशवी फ्रीजरमध्ये.

लश्करची लेक | २३ नोव्हेंबर

उसवला. सविस्तर लिहिते, कारण मध्येच एक गोष्ट कळली.

आधी सगळ्या शिवणी मोकळ्या केल्या. हे काम दिवसाच्या उजेडातच करावं. शिवणीचा धागा समजून विणीचा टाका कापला गेला तर तिथे लोकर तुटते. मग बाह्या. दोन्ही बाह्या खांद्याकडून मनगटाकडे सरसर उसवल्या. कसरीची दोन ठिकाणं सोडली तर धागा सलग. मग पाठ घेतली, आणि तिथे दर चार-पाच हातांवर जोड. कसर नसलेल्या जागीसुद्धा. प्रत्येक जोड इतका सफाईने चोळलेला की बोटाला जाडी लागेपर्यंत कळत नव्हता. रंगही बाह्यांपेक्षा किंचित उतरलेला, शिवणीच्या आतल्या बाजूलासुद्धा, जिथे ऊन कधी लागलंच नव्हतं.

इंदूरच्या मावशीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, तुझ्या बाबांच्या पहिल्या दिवाळसणाला आमच्या आईने जावयाला पुलोव्हर विणून दिला होता ना, ती लोकर. कोपरं पार फाटली म्हणून ताईने तो उसवला. अंग त्यातून झालं, बाह्यांना कमी पडली म्हणून दुकानातून जवळचा रंग आणला." बाबांचा दिवाळसण म्हणजे १९७४.

म्हणजे आजीने विणलेलं आईने उसवलं होतं. स्वतःच्या आईच्या हातचं. मी फोन ठेवला आणि दादाला हाक मारली. तो खाली बसला आणि उरलेला पुढा त्यानेच उसवला, मी खुर्चीच्या पाठीला गुंडाळत गेले.

लड्यांना चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधलं, कोमट पाण्यात रिठा घालून अर्धा तास भिजवलं, दोन वेळा स्वच्छ पाण्यातून काढलं. पिळलं नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढलं. सावलीत टांगल्यावर नागमोडी धागा हळूहळू सरळ झाला. खाली वजन बांधलं नाही, त्याने लोकरीचा ताण मरतो असं आई म्हणायची. डांबराचा वास जायला तीन धुणी लागली. हाती ३४० ग्रॅम आली.

परिचारिका | २३ नोव्हेंबर

वाचून डोळे भरून आले. तरीही सांगते, ही लोकर नवजात बाळाच्या अंगाला थेट लावू नका. वर्षाचं झाल्यावर, आत सुती कपडा घालून.

ऑर्डरवाली | २४ नोव्हेंबर

ताई, मापाचाही विचार करा. बाळ जानेवारीत जन्मेल, फेब्रुवारी संपता संपता ग्वाल्हेरची थंडी ओसरेल, आणि वडोदऱ्याला तर तेव्हा पंखे लागतील. नवजात मापाचं जॅकेट जेमतेम सहा आठवडे चालेल. पुढच्या थंडीत बाळ अकरा महिन्यांचं असेल, तेच माप धरा. आत्तासाठी मशीनमध्ये धुता येईल अशा सुती धाग्याच्या दोन साध्या बंड्या पुरतात. बाळंतिणीला हाताने लोकर धुवायला लावणारी भेट देऊ नये. जाळीची वीणही नको, बाळाची बोटं अडकतात. गळ्याशी बांधायच्या नाड्याही नकोत.

बडोदेकर | २४ नोव्हेंबर

आमच्या वडोदऱ्यात जानेवारीतही दुपारी अर्ध्या बाह्यांत फिरता येतं, थंडी ती पहाटेची. मोठ्यांसाठी द्यायचं असेल तर पुढून उघडी, बिनबाह्यांची बंडी द्या. साडीवर, कुर्त्यावर, शर्टवर, सगळ्यांवर जाते आणि ऊन चढलं की काढून पिशवीत टाकता येते. साडीवर घालणाऱ्यांसाठी उंची कमरेपर्यंतच ठेवा, खाली गेली की निऱ्या फुगतात. माझ्या बायकोची राखाडी बंडी अकरा वर्षं चालू आहे.

लश्करची लेक | १६ फेब्रुवारी

मुलगी झाली! १९ जानेवारीला, त्या दिवशी धुकं इतकं होतं की समोरचं घर दिसत नव्हतं. दोघी खुशाल आहेत.

मरून लोकरीचं काय झालं ते सांगते. ११० ग्रॅममध्ये वर्षाच्या मापाचं जॅकेट, गळ्यापासून खाली, १२४ टाक्यांवर. पुढच्या डिसेंबरात भाची येईल तेव्हा ते बाळाच्या अंगावर चढेल. १६० ग्रॅमचा दादासाठी मफलर, माईंनी सांगितला तसा, दोन सुलट दोन उलट. जिथे धागा अशक्त वाटला तिथे दुहेरी घेतला. दादा सकाळी फिरायला जाताना तो घालतो आणि आल्यावर घडी करून उशाशी ठेवतो. ३० ग्रॅममध्ये भाचीसाठी मनगटपट्ट्या, कारण रात्री बाळाला पाजताना तिचे हात गार पडायचे. ही भेट मी आधी ठरवली नव्हती, तिसऱ्या रात्री तिचे हात हातात घेतले तेव्हा सुचली.

३५ ग्रॅम उरली. ती जॅकेटबरोबर पाकिटात घालून देणार आहे. बाह्या वाढवायला लागेल, नाहीतर रफूला.

प्रश्नचिन्ह | १६ फेब्रुवारी

अभिनंदन! आमच्याकडे धाकट्याचा गळ्यापासूनचा स्वेटर काखेपर्यंत आला आहे. बटणपट्टीला किती बटणं घालावी? आणि लहान मुलांना कोणती घ्यावी?

लश्करची लेक | १७ फेब्रुवारी

या मापाला चार पुरतात. पट्टी विणायच्या आधीच टाचण्यांनी जागा ठरवून घ्या. पहिलं गळ्यापासून दोन ओळींवर, शेवटचं खालच्या पट्टीत, मधली दोन सारख्या अंतरावर. बटण शिवताना मागून कापडाचा छोटा तुकडा लावा, नाहीतर ओढून ओढून वीण फाटते. चार भोकांचं सपाट बटण घ्या, दांडीचं नको. प्रत्येक धुण्यानंतर ओढून बघा, लहान मुलं तोंडात घालतात.

मी आईच्या कार्डिगनचीच लावली. सहा होती. चार जॅकेटला, दोन पाकिटात लोकरीबरोबर.